ग्लासातलं ढेकूळ

माझ्यावर सगळ्यात मोठे उपकार आहेत ते शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावी पार केली नव्हती. मी शिक्षण सोडायला निघालो, तेव्हा बाई काटेवाडीला घरी येऊन वडिलांशी भांडल्या. आज बारामतीत मी माती तपासायचं काम करतो ते त्यांच्यामुळे.

पण मी माती तपासतो आणि लोक मला तपासतात. जळोचीत खोली बघायला गेलो तर घरमालकाने भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारलं. शेतावर गेलं की गाव, भावकी, पाहुणे, साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोणाच्या बाजूचे, हे सगळं झाल्याशिवाय रिपोर्टची घडी उघडत नाही. अक्षरशः वीट आला आहे.

मागच्या महिन्यात वरकुट्याला गेलो. तिथल्या एका आबांना तीन एकरांत डाळिंब लावायचं होतं. खड्डे घ्यायला जेसीबी दुसऱ्या दिवशी येणार होता. त्यांच्या सुनेने स्वतः माती खणून आमच्याकडे आणून दिली होती. रान क्षारांनी चोपण झालेलं, पाणी मुरत नव्हतं. तिथे डाळिंबाची मुळं कुजली असती. हे सांगायला मी गेलो होतो.

"पाव्हणं, गाव कुठलं?"

"काटेवाडी. आबा, हा रिपोर्ट..."

"आन् आडनाव?"

सांगितलं.

"कारखान्याला कुणाकडनं?"

"आम्ही सभासद नाही. वडील दुसऱ्याच्या मळ्यात भाजी तोडतात."

आबांनी बोटांवर काहीतरी जुळवलं आणि मांडीवर थाप मारली. "आरं, मग तुमी आमच्या साडूच्या भावकीतलं! आधी सांगायचं न्हाय व्हय? सूनबाई, च्या टाक. घरचा माणूस आलाय!"

मग रिपोर्ट न बघताच म्हणाले, "आपलाच माणूस खोटं कशाला सांगंल? ऱ्हायलं डाळिंब."

काम झालं होतं. उठून निघायचं, एवढंच. मी चहा पीत बसलो. अर्धा कप झाल्यावर मात्र तो खाली ठेवला.

"आबा, मी त्या भावकीतला नाही."

"आडनाव तर त्येच की."

"आडनाव तेच. नातं काही नाही."

आबांचा चेहरा पडला. "मंग तुमच्या कागदाचं तरी काय खरं? येऊ दे जेसीबी."

सून दारातच उभी होती. "आबा, माती मी उकरलीया. ती तरी आपल्याच रानातली हाय न्हवं?"

मी दोन ग्लास पाणी मागितलं.

त्याच आठवड्यात बाईंना पत्र टाकलं. त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही. ते पत्र असं:

आदरणीय बाई,
सा. न.

तुम्ही सातवीत दाखवलेला ग्लासाचा प्रयोग वरकुट्यात केला. एका ग्लासात परसातलं ढेकूळ टाकलं, दुसऱ्यात रानातलं. परसातलं तसंच तळाशी बसलं. रानातलं विरघळून पाणी दुधासारखं झालं, चोपण मातीचं होतं तसं. आबा बराच वेळ बघत होते. मग त्यांनी स्वतःच फोन करून जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगितलं. आता आधी पाणी काढायला चर आणि माती सुधारायला जिप्सम, डाळिंब नंतर.

पण बाई, अर्धा कप चहा होईपर्यंत मी त्यांचा पाहुणा बनून बसलो होतो. ज्याच्यावर आयुष्यभर चिडलो, तेच त्या दिवशी सोयीचं वाटलं. हे दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

निघताना आबांनी पुन्हा विचारलंच, "पर तुमी हाय तरी कुणाचं?" मी वैतागून म्हणालो, "मलाही पाण्यात टाकून बघा, आबा!" ते हसले. म्हणाले, "बसा. ऱ्हायलेला च्या तरी प्या." चहा गार झाला होता. प्यायलो.

खाली नाव घालत नाही. अक्षर तुम्ही ओळखालच.