पांढऱ्या कपड्यांतला फोटोग्राफर

आमच्या अमरावतीच्या दैनिकात एक फोटोग्राफर आहेत. मोर्चा असो की आग, ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा-पायजमा घालून येतात. कॅमेरा पिशवीत असतो. खिशांचं जाकीट घाला, निदान गडद शर्ट तरी घाला, हे मी सांगून थकलो. "पांढऱ्या कपड्याले पोलीस अडवत नाही, भाऊ," एवढंच उत्तर मिळतं.

भातकुलीजवळच्या एका गावात पावसानं घरं पडली, तेव्हा आम्ही दोघं गेलो. पडक्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या म्हातारीनं मला सोडून त्यांनाच हात जोडले.

"साहेब, तलाठी पंचनाम्याले येऊनच नाही राहिला," म्हणत तिनं अर्ज पुढे केला.

"आजी, हे फोटोग्राफर आहेत," मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. त्यांनी अर्ज घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि सरळ तहसील कार्यालय गाठलं. तिथल्या कारकुनानं उठून खुर्ची दिली. दुसऱ्या दिवशी पंचनामा झाला.

बातमी मात्र फोटोविना गेली. मी चिडून जाब विचारला, तर म्हणाले, "तिनं मले साहेब समजून अर्ज देल्ला. मंग तिच्यासमोर कॅमेरा कसा काढू?"