शेजारच्या काकांचं गिमलेट

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर ईशाने हिरवट पेला नाचवत मला सांगितलं, "आजी, याला गिमलेट म्हणतात. तुला नाही कळायचं." म्हणून हे लिहायला घेतलं. सबंध भोपाळात गिमलेटवर अधिकारवाणीने बोलणारा एकच मराठी माणूस होऊन गेला, आणि तो शिवाजीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

शेजारचे काका मूळ नागपूरच्या सचिवालयातले. राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला आली. कुठे जाता म्हणून विचारणा झाली तेव्हा काकांचे बरेच सोबती मुंबई राज्याकडे वळले. काकांनी भोपाळ मागून घेतलं. कारण मुंबई राज्यात दारूबंदी होती. "मराठी कुठेही बोलता येतं," ते गंभीरपणे म्हणत, "गिमलेट कुठेही करता येत नाही." यावरून त्यांना कोणी पट्टीचा पिणारा समजेल. काका घेत शनिवारी, संध्या आटोपल्यावर, एकच पेला.

ही विद्या त्यांना इंग्रजी अमदानीतल्या त्यांच्या गोऱ्या साहेबाने दिली होती. जिन दोन भाग, लिंबाचा पाक एक भाग, वर बर्फ. झाकणाच्या भांड्यात हात गारठेपर्यंत हलवायचं आणि गाळून द्यायचं. पण काकांचे आजोबा कीर्तनकार. पूर्वरंगाशिवाय उत्तररंग नाही! पाहुण्यांना अंगणात बसवून ते आधी इतिहास लावत: महिनोन्‌महिने समुद्रावर राहणारे गोरे खलाशी, ताज्या फळांवाचून सुजलेल्या त्यांच्या हिरड्या, लिंबाचा रस घशाखाली उतरावा म्हणून त्यात जिन ओतणारा जहाजावरचा डॉक्टर. तोवर जुन्या शहरातून भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फाचं पाणी झालेलं असे. त्यांच्या कचेरीतले एक अस्सल भोपाळी गृहस्थ एकदा कळवळून म्हणाले, "अरे खाँ, मल्लाहों के मसूडे बाद में, पहले गिलास तो दीजिए!"

काकूंचा कायदा वेगळा. पेले अंगणातल्या नळावर धुवायचे, बाटली स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. मात्र लिंबाचा पाक त्या स्वतः, सोवळ्याच्या ओट्यावर करीत. "पाक माझा, पाप त्यांचं," म्हणत. लिंबाचा बाटलीबंद विलायती पाक बाजारात मिळेनासा झाल्यापासून काका त्या गोऱ्या साहेबाने दिलेल्या जुन्या बाटलीत काकूंचा पाक भरून तो विलायती म्हणून खपवीत होते. काकू त्यात सवयीने वेलदोड्याची पूड घालीत. अख्ख्या आळीला वास येई. कोणी बोलत नसे.

आणि एका हिवाळ्यात साहेबाचं पत्र आलं: सांचीचे स्तूप पाहायला येतो आहे, तुझ्याकडे गिमलेट घेईन. काकांची झोप उडाली. ज्याच्या नावावर इतकी वर्षं मिरवलं, तोच पहिल्या घोटात चोरी पकडणार.

"अगं, या खेपेला वेलदोडा नको घालूस."

"वेलदोड्याशिवाय पाक? आजाऱ्याला द्यायचाय का?"

साहेब आला. पार थकलेला, हातात काठी. आम्ही सारे शेजारी अंगणात. त्या दिवशी काकांनी खलाशांचं नावसुद्धा काढलं नाही. साहेबाने घोट घेतला, थांबला, पाकाची बाटली उचलून हुंगली.

"हे मी शिकवलेलं नाही. हे या बाटलीतलं मूळचंही नाही."

काका शाळेतल्या पोरासारखे उभे. काहीही थाप मारता आली असती. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. काका म्हणाले, "साहेब, विलायती पाक कधीच संपला. हा माझी बायको करते. मीच आजवर कोणाला सांगितलं नाही."

साहेब काठी टेकत उठला, स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून वाकला आणि त्याने आणखी एक पेला मागितला. जिन न घालता. काका हे भाषांतर करून सांगेपर्यंत आतून काकूंचा आवाज आला, "त्यांना आधी बसवा हो! म्हाताऱ्या माणसाला उठबस कशाला?"

पुढच्या शनिवारी पूर्वरंग आणखी लांबला. खलाशी झाले, डॉक्टर झाला, आणि मग काका घसा खाकरून म्हणाले, "त्यानंतर या विद्येत मोलाची भर घातली ती आमच्या हिने." दाराआड बांगड्या वाजल्या. बर्फ वितळून गेला होता, पण त्या दिवशी कोणी घाई केली नाही.

काका गेले, मागोमाग काकूही. साहेबाचं पुढे काय झालं ते कळलं नाही. वेलदोड्याचा पाक मात्र काकूंनी मला शिकवला होता, आणि तो आमच्या घरी अजून दर उन्हाळ्यात होतो.