चांगुणाकडं बघ

नीलाबाईला मातीखालून बाहेर काढलं तेव्हा उजाडलं होतं. आदल्या दिवशीच गावाने गणपती बोळवले होते, पोरांच्या केसांतला गुलालही गेला नव्हता. नवरा गुरुबसप्पा, सासू आणि दोन्ही मुलं अंगणात झोपली होती म्हणून वाचली. नीला तेवढी पाहुण्यांची भांडी आवरून आतच लवंडली होती. भूकंपात दगडामातीची भिंत तिच्या कमरेवर पडली.

शेजारच्या चांगुणाचं उलटं झालं. तिची दोन्ही लेकरं गेली आणि तिला ओरखडासुद्धा आला नाही.

लातूरच्या दवाखान्यात नीलाच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "पायांत जीव आहे, नशीब समजा. पण पाठ सावकाश भरून येईल. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही."

घर पडलं म्हणून गावाबाहेर मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "वाकायचं न्हाई, बसायचं न्हाई, उचलायचं न्हाई. मग बाईमाणसानं करायचं काय? हवेत तरंगायचं?"

सुरुवातीला सगळे कळवळले. आयाबाया भाकरी आणून देत, पोरांना न्हाऊ घालत. मग एके दिवशी ती भिंतीला धरत धरत दारापर्यंत गेली आणि कळवळा तिथेच संपला. लोकांच्या लेखी माणूस एक तर अंथरुणाला खिळलेला असतो, नाहीतर धडधाकट. मधली जागाच नसते. हात मोडला तर प्लास्टर दिसतं. पाठीचा पट्टा लुगड्याखाली, आणि दुखणं त्याच्याही आत.

"दारापर्यंत चालती, मग चुलीपर्यंत का न्हाई?" सासू म्हणायची. ईरव्वा तिचं नाव. बाई कष्टाची होती, पण जीभ तिखट. "चांगुणाकडं बघ. पोटचे दोन गोळे गेले, तरी घागरीनं पाणी वाहती. तुझं काय गेलंय?"

हे वाक्य एकटी सासूच बोलत नव्हती. भेटायला येणारी नणंद तेच म्हणे, मदत वाटायला येणारी माणसं तेच म्हणत. चांगुणाकडं बघ. नीला पेटून उठायची, पण त्याला उत्तर काय देणार? मेलेल्या लेकरांपुढे दुखऱ्या कमरेची काय किंमत! एकदा रागाच्या भरात तिने कळशी उचललीच. पुढचे कित्येक दिवस तिला कुशीवरही वळता आलं नाही.

"आईचं बोलणं मनावर घिऊ नको," गुरुबसप्पा म्हणाला.

"मग कुठं घिऊ? पाठीवर? तिथं जागा न्हाई ऱ्हायली."

सगळ्यात वाईट गोष्ट तिने नवऱ्यालाही सांगितली नव्हती. शेडच्या टोकाला पत्र्याचे संडास बांधले होते, उकिडवं बसायचे. बसताना कमरेतून कळ जायची आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. म्हणून तिने पाणी पिणं तोडलं, रात्रीची भाकरी तोडली. सासू म्हणाली, नखरे. नणंद म्हणाली, बाहेरची बाधा.

आणि एका सकाळी ती बसली ती उठूच शकली नाही. पत्र्याला धरलं तर हात कापला. हाक मारायची लाज, न मारून चालेना. शेवटी कोणीतरी दार ढकललं, काखेत हात घालून तिला उभं केलं, लुगडं नीट केलं. ती चांगुणा होती.

नीला ओक्साबोक्शी रडायला लागली. "दुसरं कुणीबी आलं असतं तर चाललं असतं. तूच काहून आलीस?"

"का गं बाई? म्या काय केलं?"

"तुझ्यापुढं मला रडायची चोरी हाय. सगळे म्हंतात, चांगुणाकडं बघ. तुझी लेकरं गेली, अन मी कमरेचं रडगाणं गाते."

चांगुणाने नीलाचे डोळे पदराने पुसले. मग तिने विचारलं, "कोण म्हंतं?"

नीलाने नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. चांगुणाने तिला शेडपर्यंत आणलं, बाजेवर टेकवलं आणि ईरव्वासमोर जाऊन उभी राहिली.

"अत्या, माझ्या लेकरांची नावं घिऊन हिला कामाला जुंपू नका. माझी लेकरं गेली म्हणून हिचा मणका जुळतो का? अन म्या पाणी वाहते ते लई धीराची हाय म्हणून न्हाई. शेडात बसवत न्हाई मला. बसलं की त्यांचा आवाज येतो. त्याचा तुमी दाखला देता व्हय?"

ईरव्वाने तोंडाला पदर लावला. त्या दिवसापासून तिच्या तोंडी ते वाक्य पुन्हा आलं नाही. जीभ तिखटच राहिली, पण चूल ती स्वतः पेटवू लागली.

शेडचे सांगाडे जोडायला औशाचा वेल्डर जिलानी यायचा. चांगुणाने त्याला बोलावून आणलं आणि नीलाने बाजेवरूनच सांगितलं, लोखंडी खुर्ची पाहिजे, बैठकीला मधोमध भोक. गुरुबसप्पा मान खाली घालून पायाने माती उकरत होता.

जिलानी म्हणाला, "भाभी, ह्यात शरमायचं काय? आमच्या अब्बाला बी लागत होती. हात टेकायला बाजूला दांडे लावतो."

खुर्ची आली तेव्हा पोरं तिला नीलाबाईची गादी म्हणून हसली. मग हळूच मागून बाया यायला लागल्या. कोणी गुडघ्याची, कोणी कमरेची, कोणाच्या मांडीत सळी होती. जरा तुझी खुर्ची बघू का गं? एवढ्या जणी मोडल्या होत्या आणि एकीनेही तोंड उघडलं नव्हतं. प्रत्येकीला कोणी ना कोणी म्हटलेलंच होतं, जीव वाचला, आणखी काय पाहिजे?

नवं गाव उभं राहिलं तेव्हा साहेब घरं दाखवायला आले. घरं पक्की होती, पण संडासाला उंच पायऱ्या आणि आत तेच उकिडवं बसणं. नीला माणसांतून पुढे झाली. "साहेब, गावात किती बायांच्या कमरा मोडल्यात, हे बांधायच्या आधी इचारलं का कुणी?"

"मावशी, एवढं मिळालंय त्याचं समाधान माना."

"समाधान मानायला म्या भीक मागितली न्हाई," ती म्हणाली. चांगुणा तिच्या शेजारी येऊन उभी राहिली होती.

सरकारने काहीच बदललं नाही. गुरुबसप्पाने पायऱ्या मुरुमाने भरून उतार केला आणि उभ्याने स्वयंपाक करता यावा म्हणून चुलीखाली कट्टा बांधला. आणखी चार घरांनी त्याच्याकडून तसाच करून घेतला. जिलानी खुर्च्या करत राहिला.

नीलाची पाठ बरी व्हायला वर्षं गेली, आणि तरी ती पुरती बरी झाली नाही. धाकटा मुलगा पुढे लातूरला क्लासला राहिला. त्याला भेटायला जाताना एसटीत ती निम्मा रस्ता बसते, निम्मा उभी असते. धट्टीकट्टी दिसता की मावशी, असं कोणी म्हटलं की अजून तिचं डोकं तडकतं.

"दिसते," ती म्हणते, "तुमाला आत कुठं दिसतं?"