सहा मिनिटं आधी वाजलेला भोंगा
खजुराचं पाकीट फोडलं की मला धाड गावातला तो रमजान आठवतो. मशिदीतल्या कॉम्प्युटरवरून रोजा सोडायच्या वेळी भोंगा आपोआप वाजायचा आणि त्याची देखभाल माझ्याकडे होती. एका दुपारी मी तो कॉम्प्युटर दुरुस्त केला, पण नेट बंद होतं, म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ हातानंच टाकली. नेट आलं की वेळ आपोआप जुळेल, ती सेटिंग चालू करायची मात्र विसरलो. संध्याकाळी आमच्या अंगणात जेवणाचा दस्तरखान अंथरला होता, भज्यांचा वास सुटला होता. भोंगा वाजला, आजारातून नुकत्याच उठलेल्या अम्मीनं पाण्याचा घोट घेतला, मीही खजूर तोंडात टाकला. तेवढ्यात शेजारचे चाचा त्यांच्या गच्चीवरून ओरडले, "अबे थांबा! सूरज तर अजून दिसून राह्यला!" मी मोबाइल पाहिला. सहा मिनिटं बाकी होती; मशिदीतलं भिंतीवरचं घड्याळच पुढे होतं. अख्ख्या मोहल्ल्याचा रोजा मी मोडला होता. धावत मशिदीत गेलो आणि सगळ्यांसमोर चूक कबूल केली. इमामसाहेब हळूच म्हणाले, "ईद झाल्यावर सगळ्याईनं हा रोजा पुन्हा ठेवा." घरी येऊन मी अम्मीला म्हटलं, "तुले नाही झेपणार." ती म्हणाली, "काऊन नाही? सगळे ठेवतीन, तर मी बी ठेवीन." आणि तिनं ठेवला. आता हाताखाली येईल त्या कॉम्प्युटरचं घड्याळ मी आधी नेटला जोडतो. तरीही कुणी वेळ विचारली, की सांगताना अजून जीभ अडखळते.