सुभेदारांची रजा

विमान कंपनी बुडावी असं मला मनापासून वाटायचं. आमचे हे तिथं फिटर होते, घरचं मीठ-मिरची त्याच पगारावर चालायचं, तरी वाटायचं. लग्न झालं आणि हे लढाईवर गेले. लढाई संपली, आता माणूस घरी येईल म्हणून मी वाट बघत बसले, तर हे परस्पर मुंबईला विमानांच्या वर्कशॉपात लागले. यायचे ते यात्रेला आणि दिवाळीला. घरात ऊस होता, विहीर होती, सासू-सासरे होते, नव्हता तो नवरा. कंपनी बुडाली असती तर माझं काय बिघडणार होतं?

आणि ती बुडायला आलीच होती. लढाईनंतर लष्करानं जुनी विमानं विकायला काढली, आणि ज्याच्या हातात पैसा त्यानं विमान कंपनी काढली. विमानं झाली उदंड, बसणारे मूठभर. त्यात पेट्रोल महागलं. सगळ्याच कंपन्या माणसं कमी करायला लागल्या. यांच्या मालकांनीही सांगितलं, वर्कशॉपचा पगार निम्म्यावर आणा आणि कुणाला काढायचं त्याची नावं सुभेदारांनी द्यावीत. सुभेदार म्हणजे वर्कशॉपचे मुख्य, विट्याच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातले. लष्करात वर्कशॉपातली सगळी मंडळी त्यांच्याच हाताखाली इंजिनं शिकली आणि नंतर त्यांनीच सगळ्यांना कंपनीत चिकटवलं. पण सुभेदार काही केल्या नावं देईनात.

त्या वर्षी आमच्या यात्रेला वर्कशॉपातली आपल्या भागातली माणसं जेवायला आली. कराडला मोटारीतून उतरून मलकापुरावरून चालत आली. मी चुलीपुढं आणि ती बाहेरच्या सोप्यात. ताटं मांडेपर्यंत थट्टामस्करी चालली होती. पहिली भाकरी मोडली आणि वाद पेटला.

पेटवला तो मिरजेच्या गड्यानं. हा तंबोरे करणाऱ्यांच्या घरातला, विमानातल्या तारांचं काम करायचा. बोटं नाजूक, पण तोंड भलतंच फाटकं.

"सुभेदार बदला," तो म्हणाला. "समदे मिळून मालकांकडं जाऊ आन् सांगू, आमाला दुसरा मुख्य द्या. ह्यो माणूस मालकांपुढं जातो आन् नुसता सलाम ठोकतो. ह्याच्यानं काय व्हनार हाय?"

"तुला नोकरीला कुणी लावला रं?" आमच्या यांनी विचारलं.

"लावला म्हणून बुडवायचा व्हय? नावं द्यायची न्हाईत, भांडायचंबी न्हाई. मग मालक आपल्या मनानं काढत्याल. कामाची माणसं जात्याल आन् म्होरं म्होरं करनारी ऱ्हात्याल."

गडी बोलला ते खरंच होतं. एक जण म्हणाला, नवा मुख्य आला तर आपली माणसं घेऊन येईल. दुसरा म्हणाला, येऊ दे की, निदान व्हय का न्हाई ते तरी सांगेल. हे एकटेच सुभेदारांची बाजू धरून बसले होते आणि चिडून त्यांचे कान लाल झाले होते. मी रस्सा वाढत होते आणि मनात म्हणत होते, भांडा बाबांनो, चांगले भांडा, आणि मोडा ती कंपनी एकदाची.

तेवढ्यात दारात सुभेदार येऊन उभे राहिले. काखेत छत्री, बुटांवर धूळ. सगळी मंडळी ताटावरून ताडकन उठली आणि ताठ उभी राहिली. मिरजेच्या गड्यानं तर सवयीनं सलामच ठोकला. रश्श्यानं भरलेला उजवा हात थेट भुवईवर! तिखट डोळ्यात गेलं आणि तो बोंबलत खाली बसला. मी पाण्याचा तांब्या आणला, तो सुभेदारांनी माझ्या हातून घेतला आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन स्वतः डोळा धुतला.

"उघडा ठिव, गड्या. चोळू नगं," ते म्हणत होते.

गड्यालाही लाज वाटली असावी. "सुभेदार," तो म्हणाला, "तुमालाच काढायचं बोलत हुतो आमी."

"ऐकलं की. पार वाटंपतूर ऐकाय येतंय." मग ते भिंतीला टेकून बसले. "तुजं खरं हाय. लढाईत कुणाला फुडं धाडायचं त्याची नावं मीच दिली. त्यातली समदी माघारी आली न्हाईत. आता परत नावं सांगाय माजं तोंडच उघडत न्हाई. तुमी इथं गावणार म्हणून आलो. तुमीच सांगा, काय करू?"

आमचे हे बोलले. "आमच्या विहिरीचं पाणी चार घरांत हाय. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं म्हणून आमी कुणाच्या रानाचं पाणी तोडत न्हाई, पाळी लावून घेतो. तसंच करू. निम्म्यांनी एक महिना कामावर जायचं, निम्म्यांनी घरी ऱ्हायचं. मग बदलायचं. पगार निम्मा झाला म्हंजी मालकांचं काम झालं."

"मी घरी भोपळं तासीन, तंबोरं करीन," मिरजेचा गडी एक डोळा मिटून म्हणाला. "पर मालकांशी बोलताना मला संगं न्या. मुख्य तुमीच ऱ्हावा, बोलाय मी हाय."

सुभेदार पहिल्यांदा हसले. "मालकांना पगार निम्मा पायजे. कसा करायचा ते मी बघतो. बोला, पैल्या महिन्याला घरी कोण?"

कंपनी बुडायची गरजच उरली नव्हती. आणि आमचे हे काय म्हणाले? "माझं शेवटी धरा. आधी बाकीच्यांचं हू द्या." हातातली पळी त्यांच्या डोक्यात घालावी इतका मला राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. सासरे समोर होते, तोंड उघडायची सोय नव्हती.

सुभेदार आमच्या यांच्याकडं बघत राहिले. "मीबी आसंच म्हनायचो," ते सावकाश म्हणाले. "माजी रजा शेवटी. दर बारीला दुसऱ्या कुणाला तरी दिली. लोक म्हनायची, लय मोठ्या मनाचा माणूस. घरची आजारी हुती, मला ठावं हुतं. रजा घिऊन पोचलो तवा समदं आटपलं हुतं, तिची खाट बाहेर उभी करून ठिवली हुती." त्यांनी उठून यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तू पैला. नाव मी देतोय."

हे खाली बसले आणि गार झालेली भाकरी खाऊ लागले. माझ्याकडं मात्र त्यांनी वर मान करून बघितलं, सगळ्यांच्या देखत. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मंडळींना मोटारीपर्यंत पोचवायला गेले. ते परत येईपर्यंत मी दारातून हलले नाही. शेजारणींनी बघितलं, तोंडाला पदर लावून हसल्या. हसू देत. माझा माणूस मोटार गेल्यावर घराकडं चालत येत होता.