मुलगी पाहायला गेलो आणि बेल्ट दाखवून आलो

चौतिसाव्या वर्षी मी नवव्यांदा मुलगी पाहायला निघालो. आधीच्या आठ घरांनी 'कळवतो' म्हटलं आणि कळवलं नाही. मामाने गाडीवर बसण्याआधीच बजावलं, "हे घर शेवटचं. इथं नाही जमलं तर मी येत नाही, तू एकटाच हिंड." मला घाम फुटला. त्यात माझी बिनगिअरची स्कूटर गोंदियापासून आमगावच्या पुढच्या त्या गावापर्यंत मागच्या चाकातून कर्र कर्र करत होती. मामा मागे बसला की जास्तच. मामाचं वजन हा आमच्या घरात न काढायचा विषय आहे.

मुलीचे वडील अंगणातच उभे होते. ते राइस मिलमध्ये फिटर. उभा जन्म मशिनीचे पट्टे ताणण्यात गेलेला. मला वाटलं, आता नोकरीचं विचारतील. ते गाडीकडेच पाहत होते.

"आवाज कायचा येऊन राहिला जी? बेल्ट कधी टाकला?"

"मागच्याच महिन्यात," मी म्हणालो. धादांत खोटं. गाडी घेतल्यापासून इंजिनवरून चाक फिरवणाऱ्या त्या बेल्टचं झाकण कोणी उघडलंच नव्हतं. पण पोरीच्या बापासमोर उभा राहिलो की माझ्या तोंडून आपोआप असंच निघायचं. मामाला तर चेवच आला. "ओरिजिनल टाकला," म्हणाला.

"मंग बेल्ट नाही. मांगचं चाक होय."

गाडी स्टँडवर लावून त्यांनी चाक हाताने फिरवलं. आवाज नाही. "वजनावर येत असन. बसा दोघंबी. इंजिन चालू नका करू. इंजिन बंद असलं का बेल्ट फिरत नाही, चाकच फिरते."

आता बंद गाडी चालायला उतार पाहिजे, आणि आमच्याकडे उतार कुठला? जिकडे पाहावं तिकडे सपाट धानाच्या बांध्या. मग तेच मागून ढकलायला लागले. इस्त्रीचा शर्ट घातलेला मी, मागे मामा, आणि आम्हाला गल्लीतून ढकलणारे माझे होऊ घातलेले सासरे. बाया दारात आल्या. "पेट्रोल संपलं का?" एकीने विचारलं. मामाने गंभीर चेहऱ्याने तिला हात जोडले.

एवढ्यात मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर बसायच्या खोलीत ना पाहुणे ना बाप. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, पदर खोचला आणि चाकाजवळ कान नेऊन आमच्याबरोबर वाकून चालू लागली. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते असं, वरून, नुसता भांग.

"थांबवा," ती म्हणाली. मडगार्डच्या आत बोट फिरवून तिने ते काळं झालेलं मला दाखवलं. "इथं घासून राहिलं. स्क्रू पडला आहे. मामा बसले का हे चाकाला टेकते."

तिने घरातून तार आणून मडगार्ड आवळून टाकलं. पुन्हा ढकलून पाहिलं, आवाज गायब. मामा खूश. तेव्हाच पोहे खाऊन निघालो असतो तर निभावलं असतं.

पण वडील म्हणाले, "आता तो नवा बेल्ट पाहू द्या. कसा बसवला ते."

नाही कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांनी डाव्या बाजूचं झाकण खोललं, तसा आतून काळा भुगा सांडला. बेल्टला जागोजागी भेगा. त्यांनी अंगठ्याने दाबला, तर पार ढिला. मामाला एकाएकी फोन आला आणि तो बाभळीखाली गेला. वाजलेला मात्र कोणी ऐकला नाही.

"हा मागच्या महिन्याचा?" मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. लाजेने मेल्यासारखं झालं. पण एक कबूल केलं आणि बाकीचं थांबेचना. "चार वर्षांत बदललाच नाही. मी मॅनेजर नाही, औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा राहतो. बायोडाट्यात उंची पाच-आठ लिहिली, ती पाच-पाच आहे. आणि मामाने सांगितलं तसं हे तिसरं घर नाही, नववं आहे."

"अजून?"

"मागचा ब्रेकही लागत नाही."

ती हसली नाही. वडिलांनी झाकण पुन्हा बसवलं, हात पुसले. "आमच्या मिलमध्ये जुना पट्टा आणून दाखवल्याबिगर नवा टाकला असं मानत नाही. बेल्ट बदला, जुना घेऊन या. मंग पाहू." परतीच्या वाटेवर मामा एक शब्द बोलला नाही. मडगार्डही नाही.

आठवड्याने मी एकटाच गेलो. नारळ नाही, पेढे नाहीत, हँडलला नुसता तो भेगाळलेला बेल्ट. वडील पाना घेऊनच ओट्यावर बसले होते. मुलगी दारात आली.

"टाकला?"

"टाकला."

तिने जुना बेल्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. वडील पाना घेऊन झाकण खोलायला गाडीपाशी वाकले.

"राहू द्या बाबा," ती म्हणाली. "टाकला म्हणून राहिले, तर टाकला असन."

वडिलांनी पाना ओट्यावर ठेवला. मला तिथंच रडू आलं. मामा बरोबर नव्हता ते बरं झालं.