इंजिन तापलं की काटा पडतो

थंड इंजिनाचं तेलाचं प्रेशर बघून कुणी हुरळून जाऊ नये. आमच्या गाडीचं इंजिन नव्यानं बांधून पहिल्यांदा सुरू केलं, तेव्हा मीटरच्या काट्यानं अशी काही उडी मारली की मी पोर्चमध्ये उभी राहून टाळ्या पिटल्या. सासरे म्हणाले, "थांब जरा. गरम होऊ दे." इंजिन तापलं तसा काटा उतरत गेला आणि लाल पट्टीत जाऊन बसला. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं आणि ते घरात निघून गेले.

सासरे फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. आयुष्यभर सरकारी गाड्यांची इंजिनं बांधली, आता एक तरी आपल्या मनासारखं बांधायचं, असं त्यांचं कधीपासून चाललं होतं. म्हणून एक जुनी हॅचबॅक घेतली. सिलिंडर मोठे करून घेतले, कॅमशाफ्ट बदलला, पळण्यासाठी म्हणून जे जे करतात ते सगळं केलं. घरात त्यांना हाताशी मीच. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. आपल्या आत काय चाललंय ते बाहेरून कसं ओळखायचं, हा माझ्या पोटापाण्याचा धंदा आणि लहानपणापासूनची खोडही. यजमान म्हणतात, "तुला नवरा नको होता, तुला मशीन हवी होती." मी म्हणते, मशीन निदान विचारल्यावर उत्तर तरी देते.

पण त्या दिवशीचं प्रकरण इंजिनापुरतं नव्हतं. उन्हाळ्यापासून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, उजवा हात थरथरायला लागला होता. घरात सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी चहा कपात थोडा कमी ओतायचे, तेवढंच. एकदा मी डॉक्टरचं नाव काढलं तर पेपर घेऊन उठून गेले. त्यात क्रँकशाफ्टची बेअरिंगं त्यांनी एकट्यानं बसवलेली, मला हातही लावू दिला नव्हता. आणि तापल्यावर प्रेशर पडलं की जाणत्या माणसाचा पहिला संशय बेअरिंगवरच जातो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यात केसाएवढी फट हवी. ती जास्त झाली की पातळ झालेलं तेल तिथून निसटतं आणि काट्याला आधारच उरत नाही.

रात्री जेवताना ते म्हणाले, "बेअरिंग माझ्या हातचं आहे. तिथं गलती निघाली, तर सूनबाई, हत्यारं वाटून टाकीन. मग नाही धरणार पाना."

यजमान म्हणाले, "बाबा, मेकॅनिकला दाखवून टाकू ना. किस्सा खतम."

मी यजमानांकडे असं बघितलं की त्यांनी दुसरी पोळी मागितलीच नाही. मेकॅनिक कसला बोलावता! बाबांना इंजिन दुरुस्त करून नको होतं, कुणाची चूक ते माहीत पडायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही घोडं कुठं पेंड खातंय ते शोधायला लागलो. आधी मीटरवर संशय घेतला. लॅबमध्ये रिपोर्ट विचित्र आला की आम्ही रुग्णाला नाही, आधी यंत्राला धरतो. गाडीतला मीटर सोडून इंजिनाला थेट दुसरा मीटर लावला. काटा तसाच पडला. मग जरा जाड तेल घातलं. किंचित फरक पडला, पण समाधान होण्यासारखा नाही. मग तेलाचा फिल्टर कापून त्यातला कागद उन्हात वर्तमानपत्रावर पसरला. बेअरिंग घासत असेल तर त्या कागदावर बारीक चमक दिसते. ग्वाल्हेरच्या जानेवारीत धुकं फाटून ऊन पडायला साडेअकरा वाजतात, तोवर आम्ही दोघं टोप्या घालून त्या तेलकट कागदासमोर बसलेलो. शेजारच्या काकू फाटकातून विचारून गेल्या, "पापड आहेत का गं?"

चमक नव्हती. मी म्हटलं, "बघा, बेअरिंग नाहीच."

"इतक्यात कुठून दिसेल चमक? इंजिन चाललंय किती?" बाबा म्हणाले. त्यांना स्वतःला फासावर चढवायची भारी घाई झाली होती.

चेनकप्पी लावून इंजिन पुन्हा बाहेर काढलं आणि उलटं करून स्टँडवर चढवलं. खालची तेलाची टाकी उघडली. तेल ओढणारी नळी ठीक, तिची जाळी स्वच्छ. उरले दोनच, बेअरिंग आणि तेलाचा पंप. मी म्हटलं, पंप आधी बघू. ते म्हणाले, पंप नवा आहे, पाकिटातला आहे.

"नवा म्हणजे काय सोवळ्यातला? नव्यात दोष नसतो?"

"आधी बेअरिंग."

"अहो बाबा, चोर सोडून संन्याशाला कशाला फाशी?"

"संन्यासी आहे की चोर, तेच बघायचंय ना!" त्यांचा आवाज चढला. माझाही चढला होता. शेवटी मीच हट्ट सोडला, कारण त्या आवाजात राग कमी आणि दुसरंच काही जास्त होतं.

फट मोजायची रीत मला फार आवडते. मेणासारखा एक बारीक दोरा असतो. त्याचा तुकडा शाफ्टवर ठेवायचा, बेअरिंगची टोपी नेमक्या जोरानं कसायची आणि पुन्हा उघडायची. दोरा चेपून पसरलेला असतो. फार पसरला तर फट कमी, थोडा पसरला तर फट जास्त. सोबत एक छापील पट्टी येते, ती शेजारी धरली की फट कळते. बाबांनी दोरा माझ्यापुढे केला. "तू ठेव."

"मी नाही ठेवणार. तुमचं बेअरिंग आहे, तुम्हीच बघा."

रागानं बोलले खरी, पण नंतर मी दोऱ्याकडे बघतच नव्हते, त्यांच्या हाताकडे बघत होते. स्टँडवर नुसता टेकलेला हात थरथरत होता. त्याच हातानं त्यांनी दोरा उचलला, शाफ्टवर ठेवला, टॉर्क पाना धरून ठरलेला जोर लागल्याचा 'कट' आवाज येईपर्यंत ओढला, आणि एवढ्या वेळात हात जराही हलला नाही. पाना खाली ठेवल्याबरोबर पुन्हा सुरू. मला वाटलं, भास असेल. म्हणून दुसऱ्या टोपीच्या वेळी पुन्हा बघितलं, तिसऱ्या वेळी पुन्हा. दर वेळी तेच! इंजिनाचं राहिलं बाजूला, माझं डोकं त्या हातातच अडकलं.

सगळ्या टोप्या झाल्या. पट्टीवर फट बरोबर निघाली, पहिल्या टोपीपासून शेवटच्या टोपीपर्यंत. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पट्टी धरली. बेअरिंग अगदी चोख होतं. मला वाटलं आता हसतील, पण ते खुर्चीत बसून शाफ्टकडे बघायला लागले. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि ती आठी बघून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

"मग तेल जातंय तरी कुठं?" ते म्हणाले.

इंजिनाच्या पुढच्या तोंडावरचा पंप काढला. पंपाच्या पोटात एक छोटी झडप असते. प्रेशर फार वाढलं की ती उघडते आणि जास्तीचं तेल खाली टाकीत सोडते, एरवी घट्ट मिटलेली असते. बाबांनी तिचं टोपण काढलं, स्प्रिंग काढली, झडप बाहेर ओढली. ती सहज येईना. आली तेव्हा तिच्या कडेला काहीतरी चिकटलेलं होतं. मी चिमट्यानं उचलून तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा होता तो! तेलात मुरून तपकिरी झालेला, आणि एका टोकाला अजून कुंकवाचा लाल रंग.

आमचं घराणं शिपायांचं. तलवारी कधीच्याच गेल्या, पण खंडेनवमी राहिली. त्या दिवशी आमच्याकडे पाटावर नट कसायचे पाने, हातोड्या, मायक्रोमीटर मांडतात आणि बाबा त्यांची पूजा करतात. यंदा नवा पंपही मांडला होता. जास्त जोराची स्प्रिंग घालायची म्हणून त्याची झडप उघडीच ठेवलेली. जुना भाग असता तर बसवण्याआधी डिझेलनं धुतला असता. नवाकोरा, त्यात पूजेतला, त्याला कोण धुतो? अक्षतेचा एक दाणा आत गेला आणि त्यानं झडप पुरती मिटूच दिली नाही. थंड, जाड तेल त्या फटीतून फारसं जात नव्हतं. तापून पातळ झालं की सुळकन निघून जायचं. लक्षणं हुबेहूब ढिल्या बेअरिंगची.

मी पोट धरून हसले. बाबाही हसले, पण मध्येच थांबले.

"तू फुलं आणायला आत गेली होतीस," ते म्हणाले, "तेव्हा अक्षता माझ्या हातून उडाल्या. सगळीकडे. वेचल्या मी. वाटलं, सगळ्या वेचल्या." आणि मग हळूच, "म्हणजे गलती हाताचीच ना."

माझा संताप संताप झाला, त्यांच्यावर नाही, त्या दाण्यावर. "हाताची कसली! बाबा, तुमचा हात रिकामा असला की हलतो. पाना धरला की हलत नाही. मी आज दिवसभर तेच बघतेय. बेअरिंग त्याच हातानं बसवलंय ना? मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हात गुडघ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिले. थरथरत होता. पाना उचलला, थांबला. ठेवला, सुरू झाला. पुन्हा उचलला. मघाची ती आठी कपाळावर परत आली.

"अजब आहे," ते म्हणाले. "असं का होत असेल गं?"

"मला नाही माहीत. ज्याला माहीत असेल त्याला विचारायला हवं."

पंप या वेळी डिझेलनं धुतला, इंजिन पुन्हा चढवलं. सगळे नट त्यांनीच कसले. रविवारी दुपारी गाडी सुरू केली आणि तापेपर्यंत दोघं मीटरसमोर उभे राहिलो. काटा थोडा उतरला आणि जिथं थांबायला हवा तिथं थांबला. मी "बाबा!" म्हणून ओरडले, तर त्यांचं मीटरकडे लक्षच नव्हतं. ते हाताकडे बघत होते.

"सूनबाई, डॉक्टर पण आधी बाहेरूनच तपासतात ना? का एकदम उघडायलाच घेतात?"

"आधी बाहेरूनच, बाबा. बराच वेळ बाहेरूनच."

"मी घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "उद्या चल माझ्याबरोबर."